ओम्नी मिसिंग मारते तेव्हा : पार्ट बदलण्याआधी दोष शोधा

मंगलदास मार्केटमधून तागे भरायचे, देवनार-गोवंडीच्या कारखान्यांत उतरवायचे आणि तयार माल परत न्यायचा, या कामाला मारुतीच्या व्हॅनइतकी सोयीची गाडी आमच्या धंद्यात दुसरी झाली नाही. ही व्हॅन 1984 साली आली, 1988 मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि 2019 साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज जी ओम्नी रस्त्यावर दिसते ती वयस्कच आहे. तिचा नेहमीचा आजार म्हणजे झटके मारणे, थरथरणे, चढावर दम सोडणे. गॅरेजच्या भाषेत 'मिसिंग'.

ही तक्रार घेऊन गेलो की आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग कार्बोरेटर उघडतात. गाडी सुधारली तरी कोणत्या पार्टमुळे सुधारली हे कुणालाच कळत नाही, आणि बिल मात्र तिन्हींचे भरावे लागते. दर वेळी मिस्त्री लबाड असतोच असे नाही. त्याला दिवसभरात अनेक गाड्या काढायच्या असतात आणि आपण "झटके मारते" एवढेच सांगून मोकळे होतो. हकीमाकडे जाऊन "तब्येत बरी नाही" म्हणावे तसे! तेव्हा गॅरेजला जाण्याआधी आठवडाभर एका कागदावर लिहून ठेवावे : थंड असताना झटके येतात की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत की लोड घेऊन फ्रीवेवर चढताना, कोरड्या दिवशी की पावसात. निम्मा दोष या कागदावरच सापडतो.

मुंबईत बऱ्याच ओम्नींना सीएनजी किट आहे. अशा मालकांच्या हाती एक फुकटची तपासणी आहे. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच लोडवर गाडी एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर चालवून पाहावी. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिसिंग असेल तर दोष किटमध्ये किंवा प्लग-वायरमध्ये असतो. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते, त्यामुळे थकलेला प्लग तिथे आधी उघडा पडतो. गॅसवर ठीक पण पेट्रोलवर खराब असेल तर कार्बोरेटर, पंप किंवा फिल्टर. दोन्हींवर सारखेच झटके असतील तर इंधनाचा पिच्छा सोडावा आणि ठिणगी व कॉम्प्रेशनकडे वळावे. गॅसच्या नळ्यांना मात्र घरी हात लावू नये. ते काम किट बसवणाऱ्याचेच. टाकीची तीन वर्षांची हायड्रो टेस्टही चुकवू नये.

आता मिसिंग कोणत्या सिलिंडरचे ते पाहू. ओम्नीचे इंजिन 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे. चार सिलिंडरच्या गाडीत एक बंद पडला तर पाव ताकद जाते, इथे एक तृतीयांश जाते; म्हणूनच ही गाडी इतकी हलते. इंजिन आयडलिंगला ठेवून मिस्त्रीने एकेका प्लगचे काम थांबवून पाहावे. थांबवताच इंजिन आणखी लंगडले तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर चोर तोच. कार्बोरेटरच्या गाडीत यासाठी प्लगची वायर काढतात, पण ती उघडी लोंबकळत न ठेवता बॉडीला अर्थ करावी, नाहीतर झटका बसतो. एमपीएफआय गाडीत वायर न काढता इंजेक्टरचे सॉकेट काढावे. चोर सापडला की त्याचा प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावावा. मिसिंग प्लगबरोबर सरकले तर प्लग खराब; जागेवरच राहिले तर प्लग निर्दोष. बाहेर काढलेला प्लग नीट पाहावा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येते, पांढरा पडलेला म्हणजे मिश्रण पातळ किंवा कुठून तरी जादा हवा शिरते. ती हवा बहुधा तडकलेल्या रबरी नळीतून येते आणि आयडलिंगला बारीक फुसफुस ऐकू येते.

आमच्या भागाच्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेले पाणी खालून उडते आणि ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने ओल डिस्ट्रिब्युटर व वायरीपर्यंत पोचते. पावसातच झटके येत असतील तर टोपी काढून कोरडी पुसावी आणि आतून केसासारखी चीर आहे का पाहावी. दुसरी गोष्ट धूळ. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवरचे ट्रक आणि डम्पिंग ग्राउंडची वाहतूक यांनी एअर फिल्टर पुस्तकात दिलेल्या मुदतीच्या किती तरी आधी भरतो.

पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. 2025 पर्यंत त्यात 20 टक्के इथेनॉल आले. इथेनॉल ओलावा शोषते, जुन्या रबराला त्रास देते आणि टाकीतला वर्षांचा गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणते. जे बांधव सदैव गॅसवर गाडी चालवतात त्यांच्या टाकीत तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडून असते, आणि मग गॅस संपल्यावर गाडी नेमकी रांगेत झटके मारते. टाकीत थोडेच पेट्रोल ठेवावे आणि आठवड्यातून एकदा काही किलोमीटर त्यावर चालवावे.

पीयूसीचा कागद नुसता पोलिसांसाठी नाही. त्यावर कार्बन मोनॉक्साइड वाढलेला असेल तर मिश्रण घट्ट आहे. तो ठीक असून हायड्रोकार्बन वाढलेला असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे.

एवढे करूनही तोच सिलिंडर गप्प असेल तर कॉम्प्रेशन तपासावे. तिन्हींचे आकडे लिहून घ्यावेत. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे; आकडा वाढला तर रिंग झिजल्या, न वाढला तर व्हॉल्व्ह. सीएनजीवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट झिजून टॅपेट आवळले जाते, म्हणून टॅपेटची फट आधी जुळवून घ्यावी. कित्येकदा हेड उघडण्याची पाळीच येत नाही.

रिंगाच गेल्या असतील तर हिशेब वेगळा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठीच वाढते, वर पर्यावरण कर. वडाळ्याच्या आरटीओत फेरनोंदणीला जाण्याआधीच कॉम्प्रेशनचे आकडे हाती असावेत, म्हणजे इंजिन बांधायचे की गाडी काढून टाकायची हे ठरवता येते. विकायची झाली तर हाच कागद घेणाऱ्याला दाखवावा. ऐब झाकून विकणे आपल्याला जायज नाही.