दंगल का झाली नाही?

मुलांनो, गावात साथ आली की डॉक्टर आजारी माणसांना तपासतात. पण त्याच वस्तीत राहून, त्याच विहिरीचे पाणी पिऊन ज्या घरात कोणीच आजारी पडले नाही, त्या घरी कोणी चौकशीला जाते का? आशुतोष वार्ष्णेय हे अशा घरी जाणारे अभ्यासक आहेत.

ते राज्यशास्त्राचे प्राध्यापक. अलाहाबाद आणि दिल्ली येथे शिकून पुढील शिक्षणासाठी ते अमेरिकेला गेले व तेथील विद्यापीठांत शिकवू लागले. भारतातील हिंदू-मुस्लिम दंगलींचा अभ्यास त्यांनी हाती घेतला, तेव्हा पहिले काम होते जुनी वर्तमानपत्रे वाचण्याचे! वार्ष्णेय आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन विल्किन्सन यांनी १९५० ते १९९५ या काळातील दंगलींच्या बातम्या एका इंग्रजी दैनिकातून शोधल्या. दंगल कोठे झाली, केव्हा झाली, किती माणसे मेली, हे सारे टिपून ठेवले. शेहेचाळीस वर्षांची वर्तमानपत्रे! अशा कामाला चिकाटी लागते.

या नोंदींतून काय दिसले? देशातील बहुतेक लोक खेड्यांत राहत होते. पण दंगलींतील मृत्यूंपैकी खेड्यांत झालेले मृत्यू ४ टक्क्यांहून कमी होते. उलट केवळ आठ शहरांत जवळजवळ निम्मे मृत्यू झाले होते. म्हणजे आग सगळीकडे नव्हती. मग काही शहरेच का पेटतात?

वार्ष्णेय यांनी शहरांच्या जोड्या लावल्या. अलीगढ आणि केरळमधील कालिकत ही त्यांतील एक जोडी. दोन्ही शहरांत मुस्लिम लोकसंख्या एक तृतीयांशाहून थोडी अधिक. अलीगढमध्ये वारंवार दंगली झाल्या, कालिकतमध्ये मात्र शांतता राहिली. कालिकतमध्ये व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालये यांत हिंदू आणि मुसलमान एकत्र काम करीत. अफवा उठली की हीच माणसे एकमेकांना विचारून तिचा खरेखोटेपणा तपासत. १९९० साली अलीगढमध्ये रुग्णालयात रुग्णांना मारल्याची खोटी बातमी वर्तमानपत्रांत छापून आली, आणि आग अधिकच भडकली.

तुम्ही म्हणाल, शेजाऱ्याशी गोडीने वागले की पुरे नाही का? खेड्यात ते पुरते, कारण तेथे सारे एकमेकांना ओळखतात. लाखो लोकांच्या शहरात कोण कोणाला ओळखणार? तेथे संस्था लागतात, असे वार्ष्णेय यांचे म्हणणे. त्यांचा हा ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झाला.

सर्वांना हे पटले असे नाही. बरोबर काम केलेले विल्किन्सन यांनीच २००४ साली आपल्या पुस्तकात वेगळे उत्तर दिले. सरकारने मनात आणले तर पोलीस दंगल थांबवू शकतात, आणि सरकार ते मनात केव्हा आणते हे मतांच्या गणितावर ठरते, असे त्यांनी लिहिले. विद्वानांचे वाद असे असतात. आकडे तेच, पण अर्थ निराळा.

आपल्या भिवंडीचे उदाहरण या दोन्ही उत्तरांना लागू पडते. यंत्रमागांच्या या शहराने १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली पाहिल्या. १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तेथे आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांची माणसे पोलिसांसह नियमित एकत्र बसू लागली, लहानसहान तंटे तेथेच मिटवू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जवळची मुंबई जळत होती. त्या दिवसांत भिवंडी शांत राहिली.