अतिप्रदान वसुलीचे पत्र हाती पडले तर: काय करावे, काय टाळावे

तीस-पस्तीस वर्षांची नोकरी संपते, शाल-श्रीफळ होते, आणि पेन्शनचा प्रस्ताव पुढे सरकायच्या ऐवजी सेवापुस्तकच वेतन पडताळणी पथकाचा आक्षेप घेऊन परत येते. अमुक साली वेतननिश्चिती चुकली, तेव्हापासून जादा वेतन गेले, आता एकरकमी चलनाने भरा, नाहीतर ग्रॅच्युइटीतून कापून घेऊ. नांदेड-लातूरकडे शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, लिपिक, शिपाई अशांच्या घरी हे पत्र येते, आणि माणूस हबकतो. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडतो, सोसायटीचे कर्ज काढतो आणि पैसे भरून मोकळा होतो. पुष्कळदा ते भरायची गरजच नसते. काही वेळा मात्र असते. आपण कोणत्या बाजूला आहोत हे कळेपर्यंत सही आणि पैसा, दोन्ही हातचे सोडू नयेत.

काय करावे

पत्र मिळाल्याची तारीख पत्रावरच लिहून ठेवावी. पाकीटही जपावे. पुढे मुदतींचा हिशोब करताना ही तारीख लागते.

महिनावार तक्ता लेखी मागावा. दिलेले वेतन, देय वेतन आणि फरक. त्यातही मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता वेगवेगळे. नुसता एकरकमी आकडा म्हणजे हिशोब नव्हे. तक्ता आला की कागद-पेन घेऊन स्वतः बसावे. आक्षेप एका वेतनवाढीचा असेल तर फरकही तेवढ्याचाच आणि त्यावरच्या भत्त्यांचाच निघायला हवा. मागणी ढोबळ रकमेची आहे की हाती पडलेल्या रकमेची, तेही विचारावे. त्या फरकावरचा आयकर तेव्हाच कापला गेलेला असतो. कार्यालय तक्ता देत नसेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे.

चूक कुठे झाली ते शोधावे. आपल्या भागात ठरावीक जागा आहेत: कालबद्ध पदोन्नती किंवा आश्वासित प्रगती योजनेचा लाभ देताना धरलेली तारीख, मुख्यालयी राहत नसताना गेलेला घरभाडे भत्ता, एमएस-सीआयटी मुदतीत उत्तीर्ण नसताना लागलेल्या वेतनवाढी. आणि नांदेड जिल्ह्याची खास गोष्ट म्हणजे एकस्तर. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानुसार आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात नोकरी करणाऱ्याला त्या भागात असेपर्यंत वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते. किनवटकडे काढलेल्या वर्षांत ती मिळाली, यात गैर काहीच नाही. पुढे बदली होऊन माणूस मुखेडला किंवा देगलूरला येतो. तेव्हा वेतन मूळ श्रेणीत यायला हवे. पण अंतिम वेतन प्रमाणपत्रावर एकस्तरची नोंद नसली की नव्या कार्यालयातला लिपिक समोर दिसते तेच मूळ वेतन पुढे चालू ठेवतो, त्यावर दरवर्षी वेतनवाढ लागत जाते, आणि सगळे निवृत्तीच्या तोंडावर उघडे पडते. असे झाले असेल तर ते प्रमाणपत्र कोणी तयार केले आणि त्यावर सही कोणाची, हे शोधून त्याची प्रत काढावी. चूक कर्मचाऱ्याची नव्हती, हे दाखवणारा त्याहून चांगला कागद दुसरा नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा रफिक मसीह निकाल माहीत करून घ्यावा. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह, १८ डिसेंबर २०१४. चूक मालकाची, कर्मचाऱ्याने फसवणूक केलेली नाही, अशा वेळी वसुली कधी करता येणार नाही, ते या निकालात पाच कलमांत सांगितले आहे. कर्मचारी वर्ग तीन किंवा चारचा असेल तर. तो निवृत्त झाला असेल किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणार असेल तर. जादा वेतन आदेशाच्या आधी पाच वर्षांहून अधिक काळ जात असेल तर. त्याच्याकडून चुकीने वरच्या पदाचे काम करून घेतले आणि त्याचेच वेतन दिले असेल तर. आणि शेवटचे, वसुली इतकी अन्याय्य, जाचक किंवा मनमानी ठरणार असेल की मालकाचा पैसे परत घेण्याचा हक्क तिच्यापुढे दुबळा पडावा. जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक यांतल्या दोन-तीन कलमांत सहज बसतो. २ मे २०२२ रोजी थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणातही, निवृत्त शिक्षकाच्याच बाबतीत, न्यायालयाने हीच भूमिका घेतली.

हमीपत्राची प्रत काढावी. वेतन आयोग लागू होताना विकल्पाच्या अर्जासोबत ‘जादा रक्कम गेल्यास परत करीन’ असे लिहून घेतलेले असते. कार्यालयाचे हे सर्वांत मोठे हत्यार. हरियाणातल्या एका न्यायिक अधिकाऱ्याने असे लिहून दिले होते. २९ जुलै २०१६ च्या जगदेव सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीनंतरही त्यांच्याकडून हप्त्याने वसुली करू दिली. म्हणून हमीपत्र आहे की नाही, असेल तर कोणत्या तारखेचे आणि कोणत्या वेतननिश्चितीसाठीचे, हे पाहणे फार महत्त्वाचे. २००९ चे हमीपत्र दाखवून १९९८ च्या चुकीचे पैसे मागितले जात असतील तर तो मुद्दा ठळकपणे मांडावा. वर्ग तीन-चारच्या माणसाने नुसत्या हमीपत्राच्या उल्लेखाने हातपाय गाळू नयेत.

उत्तर लेखी द्यावे आणि आवक शिक्क्यासह पोच घ्यावी. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम १३४-अ निवृत्तिवेतनातून वसुली करू देतो. पण त्याच नियमात निवृत्ताला कारणे दाखवण्याची वाजवी संधी द्यावी, असेही आहे. ती संधी न देता काढलेला आदेश तिथेच लंगडा पडतो. उत्तर लांबलचक नको. एवढे पुरते:

‘आपले दि. … चे पत्र दि. … रोजी मिळाले. सदर वेतननिश्चिती कार्यालयाने केलेली असून त्यात माझ्याकडून कोणतीही चुकीची माहिती दिली गेलेली नाही. मी वर्ग तीनचा कर्मचारी असून दि. … रोजी नियत वयोमानानुसार निवृत्त झालो आहे. रफिक मसीह निकालानुसार ही वसुली अनुज्ञेय नाही. महिनावार तक्ता, आक्षेपाची प्रत व मूळ वेतननिश्चितीची प्रत मिळावी. तोपर्यंत माझ्या ग्रॅच्युइटीतून वा निवृत्तिवेतनातून कोणतीही कपात करू नये. वसुलीस माझी संमती नाही.’

शेवटचे वाक्य गाळू नये.

दाद कुठे मागायची ते वेळेत ठरवावे. महसूल, पोलीस, पाटबंधारे अशा राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. आपल्यासाठी तिचे औरंगाबादचे खंडपीठ. तिथे आदेशापासून एक वर्षाची मुदत आहे. जिल्हा परिषदेचे कर्मचारी आणि अनुदानित शाळांचे शिक्षक यांनी वसुलीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करावी. एकाच आक्षेपाचे चार-पाच जण असतील तर वकील एकच करावा, खर्च वाटला जातो. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडच्या जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. तिथे जायला संकोच वाटू देऊ नये.

काय टाळावे

‘आधी संमतिपत्र द्या, मग पेन्शनचा प्रस्ताव महालेखापालांकडे पाठवतो.’ हे तोंडी सांगितले जाते आणि सर्वांत जास्त माणसे इथेच फसतात. पेन्शन हक्काची आहे, वसुलीचा वाद वेगळा आहे. संमतिपत्र देऊ नये. अगदीच कोंडी झाली आणि सही करावीच लागली, तर सहीच्या वर ‘हरकत कायम ठेवून’ असे स्वतःच्या हाताने लिहावे आणि झेरॉक्स जवळ ठेवावी.

रोख पैसे कोणाच्याही हाती देऊ नयेत, मग तो कितीही जुना ओळखीचा लिपिक असो.

वेतनाची पुनर्निश्चिती आणि मागची वसुली यांची गल्लत करू नये. चूक खरी असेल तर कार्यालय पुढचे वेतन आणि पेन्शन दुरुस्त करू शकते. रफिक मसीह निकाल त्याला आड येत नाही. तो वाचवतो मागच्या वसुलीपासून. दोन्हींवर एकाच दमात भांडायला गेले की मजबूत मुद्दाही पातळ होतो. पुनर्निश्चितीच चुकीची वाटत असेल, तर तिचे कारण वेगळे, पुराव्यासह मांडावे.

काही लपवून ठेवू नये. जन्मतारीख, परीक्षेचे प्रमाणपत्र, पात्रता यांपैकी काहीही आपणच चुकीचे दिले असेल तर वरचा एकही निकाल कामी येत नाही. जादा पैसे येत आहेत हे ठाऊक असून गप्प बसलो, किंवा चूक लगेच उघडकीस आली, तरीही न्यायालय वसुली मान्य करू शकते. एका महिन्याचा पगार खात्यात दोनदा जमा झाला, तर त्यात वादाला जागाच नाही. तो परत करावा, लगेच करावा, आणि पावती घ्यावी. वीस वर्षांपूर्वीची वेतननिश्चिती सामान्य शिपायाला कळत नाही. दोनदा आलेला पगार कोणालाही कळतो.

नुसते अर्जावर अर्ज करत बसू नये. पेन्शन अदालतीत अर्ज जरूर द्यावा, संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना भेटावे, पण त्यात वर्ष उलटू देऊ नये.

खासगी नोकरी सोडली असेल तर

लातूरचे खासगी क्लासेस, दवाखाने, पतसंस्था, एमआयडीसीतले कारखाने: इथला माजी मालक पैसे मागतो तेव्हा वरचे पाच निकष जसेच्या तसे लागू होत नाहीत. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७२ सांगते की चुकून मिळालेला पैसा परत करावा लागतो. म्हणून इथे सगळी भिस्त पुराव्यावर. बँकेचे खातेउतारे, पगारपत्रके आणि नेमणूकपत्र समोर ठेवून मागणी पडताळावी. नोटीस कालावधीचे पैसे, अ‍ॅडव्हान्स, बोनस यांना ‘जादा पगार’ असे नाव देऊन मागणी फुगवलेली नाही ना, हे आधी बघावे.

रक्कम खरी असेल तर हप्ते मागावेत आणि शेवटच्या हप्त्यानंतर ‘येणे बाकी नाही’ असे लेखी घ्यावे.

कोरा किंवा पुढच्या तारखेचा चेक देऊ नये. तो वटला नाही तर साध्या येण्याचा वाद फौजदारी खटल्यात जातो. मूळ पदव्या आणि गुणपत्रिका तारण म्हणून ठेवू नयेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हो सर, देतो’ असे लिहू नये. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची, चूक कळली किंवा कळायला हवी होती तेव्हापासून मोजायची. देणे लेखी मान्य केले की ती मुदत नव्याने सुरू होऊ शकते. सरांचा मान राखून ‘हिशोब पाठवा, पाहून कळवतो’ एवढेच लिहावे.

शेवटच्या पगारातून जादा रक्कम वळती करून घ्यायला कायद्याची मुभा आहे, पण मर्यादेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार सगळ्या कपाती मिळून त्या वेतनकाळातल्या वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. भविष्य निर्वाह निधीला मालकाने हात लावायचा नाही. तसे झाल्यास पीएफ कार्यालयाकडे तक्रार करावी, आणि पगार अडवला असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या कामगार कार्यालयाकडे.

पैसे आधीच कापले गेले असतील तर

गेले ते गेले, असे समजू नये. मॅट आणि उच्च न्यायालय यांनी कापलेली रक्कम परत करण्याचे आदेश दिलेले आहेत. मागणीत मुद्दल आणि व्याज दोन्ही लिहावे. ग्रॅच्युइटी रखडली असेल तर १९८२ च्याच नियमांतल्या १२९-अ खाली तिच्यावरचे व्याज वेगळे मागावे. कर्मचारी हयात नसेल आणि पत्र पत्नीच्या नावाने आले असेल, तर तिने कुठेही अंगठा किंवा सही करण्यापूर्वी वकिलाला कागद दाखवावा. कुटुंबनिवृत्तिवेतन हा तिचा स्वतःचा हक्क आहे, नवऱ्याच्या मालमत्तेचा वाटा नव्हे, आणि त्यातून कपात करण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते.