दक्षिण ध्रुव : शर्यत आणि शोध

मानवाने महासागर धुंडाळले, वाळवंटे तुडवली. परंतु पृथ्वीच्या दोन टोकांनी त्याला सर्वांत अधिक काळ दूर ठेवले. दादरा व नगर हवेलीतील रांधा हे माझे गाव. तेथे बर्फ पाहायचा तो गोळेवाल्याच्या गाडीवर! तरीही ध्रुवसंशोधनाचा इतिहास मला कधी परका वाटला नाही. त्याचे कारण एका ओझ्यात आहे.

१४ डिसेंबर १९११ रोजी नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला. हे यश केवळ दैवाचे नव्हे. १९०३ ते १९०६ या काळात उत्तरेकडील सफरीत त्याने तेथील नेटसिलिक इन्युइट लोकांकडून कातड्याचे कपडे व कुत्र्यांच्या घसरगाड्या यांचे ज्ञान मिळवले होते. ब्रिटिश कॅप्टन स्कॉट आणि त्याचे चार साथीदार १७ जानेवारी १९१२ रोजी तेथे पोहोचले, तेव्हा अमुंडसेनचा तंबू त्यांच्या आधीच उभा होता. परतीच्या वाटेवर थंडी, भूक व थकवा यांनी पाचही जणांचा बळी घेतला. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला शेवटच्या तिघांचे देह तंबूत सापडले. त्यांच्या गाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. ती गाडी ते स्वतः ओढत होते!

वर्गात हा भाग शिकवताना विद्यार्थी मला हमखास विचारतात, "सर, मरण समोर असताना दगड कशाला वाहायचे?"

याचे उत्तर इंग्लंडमधील तपासणीत मिळाले. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म होते. पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीची हीच वनस्पती आपल्या नागपूरजवळील कामठीच्या खडकांतही आढळते. म्हणजे आज हिमाच्छादित असलेल्या त्या भूमीवर एके काळी हिरवी झाडी होती आणि ती भूमी भारताला जोडलेली होती, या विचाराला मोठे बळ मिळाले. या प्राचीन खंडाला 'गोंडवन' हे नाव आपल्या गोंडांच्या प्रदेशावरूनच पडले आहे.

पुढे भारतीयही तेथे गेले. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत दोन महिला होत्या : भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. अदिती पंत. पंत यांचा जन्म नागपूरचा, घराणे औंधचे व पदवी पुणे विद्यापीठाची. ध्रुवाची शर्यत तोवर कधीच संपली होती. सेनगुप्ता यांनी तेथील खडकांचा, तर पंत यांनी समुद्रातील जीवसृष्टीचा अभ्यास केला. त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणे उभे राहिले. पुढे ते बर्फाखाली गाडले गेले. मग १९८९ साली 'मैत्री' आणि २०१२ साली 'भारती' ही केंद्रे खडकाळ जमिनीवर उभारण्यात आली.

अमुंडसेनने शर्यत जिंकली, यात शंका नाही; आणि ती त्याने दुसऱ्यांकडून शिकून जिंकली. परंतु ध्रुवावर प्रथम पोहोचण्याचा मान एकालाच मिळतो. त्या १६ किलो दगडांतून मिळालेले ज्ञान मात्र कामठीच्या विद्यार्थ्याचेही आहे आणि रांध्याच्याही. विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगशाळेच्या कपाटातील एखादा दगड हाती आला, तर तो उलटसुलट करून जरूर पाहा.