काळास साजेसें गीत



प्रत्येक गोष्टीला काळ असतो, हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. मृग जवळ आला म्हणजे तो पेरणीच्या तयारीस लागतो. सुगीच्या दिवसांत कोणी पाभर बाहेर काढीत नाहीं. गाण्याचेंही तसेंच आहे. आपल्या आज्या जात्यावर एक ओवी गात, पाळण्याजवळ दुसरी गात, आणि मयताच्या घरीं तर त्यांचा आवाजच निराळा होई. मग देवाच्या मंदिरांत मात्र जें गीत प्रथम आठवेल तें सांगावें, हें कसें?

या बाबतींत माझ्या हातून झालेली एक चूक येथें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका लहान खेड्यांत उत्तम शुक्रवारची उपासना चालविण्याचें काम मजकडे आलें होतें. प्रभूच्या दुःखसहनाचा पाठ वाचून झाला. पुढें कोणतें गीत घ्यावें याचा मीं आधीं विचार केला नव्हता. मुलांना येतें व ढोलकीवर चांगलें बसतें, एवढेंच पाहून मीं पुनरुत्थानाचें एक उल्हासाचें गीत सांगितलें. मुलांनीं टाळ्या वाजवून तें मोठ्यानें म्हटलें. उपासना संपल्यावर एक वृद्ध बाई दाराशीं थांबली व म्हणाली, "मास्तर, माझं पोरगं जाऊन अजून म्हैना झाला न्हाई. आज प्रभूच्या वधस्तंभाजवळ घटकाभर बसून रडावं म्हणून आले हुते. तुम्ही बसूच दिलं न्हाई." यावर मजपाशीं उत्तर नव्हतें. गीत वाईट नव्हतें, चालही वाईट नव्हती. वेळ चुकली होती. दुःखी जीवाला जें सांत्वन त्या दिवशीं मिळावयाचें, तें माझ्या आळसामुळें हुकलें.

काळ पाहून गाणें ही कांहीं नवी रीत नव्हे. यहूदी लोक वल्हांडणाच्या सणांत ११३ पासून ११८ पर्यंतचीं स्तोत्रें गात. १२० पासून १३४ पर्यंतचीं पंधरा स्तोत्रें यरुशलेमेच्या यात्रेकरूंचीं म्हणून मानिलीं जातात. आपला प्रभुही शेवटच्या भोजनानंतर शिष्यांसह स्तोत्र गाऊन मगच जैतुनांच्या डोंगराकडे गेला (मार्क १४:२६). मरणाच्या आदल्या रात्रींही त्यानें गाणें सोडलें नाहीं.

आतां मंडळीच्या वर्षाचा क्रम पाहूं.

आगमनकाल नाताळापूर्वींच्या चौथ्या रविवारीं सुरू होतो. हा वाट पाहण्याचा व पश्चात्तापाचा काळ होय. पश्चिमेकडील प्राचीन मंडळींत १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळीं ख्रिस्ताला सात निरनिराळ्या नांवांनीं हांक मारणारीं सात लहान गीतें गाण्याची चाल पडली. त्यांच्याच आधारें रचलेलें इम्मानुएलास 'ये' म्हणणारें एक लॅटिन गीत जॉन मेसन नील यानें १८५१ सालीं इंग्रजींत आणिलें. अशा गीतांत जन्माचा गजर नसतो, तहान असते. आगमनकाळांतच आपण नाताळचीं सारीं गीतें गाऊन टाकलीं, तर नाताळच्या दिवशीं तीं शिळीं होतात.

नाताळ हा एका दिवसाचा सण नव्हे. ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत त्याचा आनंद चालतो. जर्मनीतील लाइप्सिक शहरीं योहान सेबास्टियन बाख या संगीतकारानें १७३४ च्या नाताळासाठीं मोठी संगीतरचना केली, ती सहा भागांत वांटली, आणि २५ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंतच्या सहा निरनिराळ्या दिवशीं ते भाग गाइले गेले. आपणही पहिल्या दिवशीं पाळण्याचें गीत, पुढें मेंढपाळांचें, व शेवटीं मागी लोकांचें, असा क्रम ठेवावा. पाळण्याची चाल आपल्या स्त्रियांच्या कंठांत उपजतच आहे.

उपवासकाळ राखेच्या बुधवारीं सुरू होतो; रविवार वगळून त्याचे चाळीस दिवस होतात. पश्चिमेकडील पुष्कळ मंडळ्यांत या दिवसांत 'हालेलूया' हा शब्द गात नाहींत. बाखच्या वेळीं लाइप्सिकांतही या काळांत एखादा सण सोडून रविवारचें वाद्यांसहित मोठें गायन बंद असे. मग उत्तम शुक्रवारीं दुःखसहनाचें संगीत होई; योहानाच्या शुभवर्तमानावरील त्याची रचना १७२४ सालीं त्या दिवशीं प्रथम गाइली गेली. इतके आठवडे शांत राहिलेल्या कानांस त्या दिवशींचा प्रत्येक स्वर किती खोल लागला असेल! आपल्यालाही या दिवसांत ढोलकी बाजूस ठेवून, एकतारीवर किंवा नुसत्या कंठानें, संथ चालीचीं गीतें गातां येतील. मौन हेंही उपासनेचें अंग आहे.

पुनरुत्थानाचा दिवस उजाडला म्हणजे मात्र कांहीं राखून ठेवूं नये. पहाटेस भूपाळीच्या चालीचें गीत गात निघावें. हा आनंदही एका दिवसाचा नाहीं. चाळिसाव्या दिवशीं स्वर्गारोहण व पन्नासाव्या दिवशीं पवित्र आत्म्याचें अवतरण, तेथपर्यंत तो चालतो. हँडलची 'मसीहा' ही रचना १३ एप्रिल १७४२ रोजीं डब्लिन शहरीं प्रथम गाइली गेली. तींतील प्रसिद्ध 'हालेलूया' समूहगान नाताळांत फार ऐकूं येतें. पण तें मूळ रचनेंत जन्माच्या भागांत नसून दुसऱ्या भागाच्या शेवटीं, म्हणजे दुःखसहन, पुनरुत्थान व स्वर्गारोहण यांच्या नंतर, ख्रिस्ताच्या राज्याविषयीं आहे. त्याची खरी जागा येथें आहे. तसेंच आयझॅक वॉट्स यानें १७१९ सालीं ९८ व्या स्तोत्रावरून रचलेलें जगास हर्ष करावयास सांगणारें गीत लोक नाताळचेंच समजतात. पण त्यांत गव्हाणीचें नांवही नाहीं. तें राजाच्या येण्याचें गीत असल्यामुळें इतर वेळींही शोभतें. यावरून संवयीवर न विसंबतां शब्द वाचून पाहणें किती अगत्याचें आहे, हें दिसून येईल.

आतां उपदेशक बंधूंसाठीं कांहीं सूचना.

पहिली, पाठ आधीं, गीत नंतर. शनिवारीं रात्रीं रविवारचा शास्त्रपाठ वाचावा, आणि तो ऐकून मंडळीला देवाशीं काय बोलावेंसें वाटेल, हें मनाला विचारून गीत निवडावें.

दुसरी, शब्द आधीं, चाल नंतर. चाल गोड म्हणून गीत घेऊं नये. पण शब्द योग्य असून चाल त्यांच्या भावाविरुद्ध असेल, तर दुसरी चाल पाहावी. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं अभंग व ओव्या यांतून ख्रिस्ताचें गुणगान करून आपणांस मोठा ठेवा दिला आहे. करुणेची, हर्षाची, विनवणीची, अशी प्रत्येक भावाची चाल आपल्या घरांत आहे.

तिसरी, एका काळांत एकच नवें गीत शिकवावें. चार मुलें गातात व मंडळी ऐकत बसते, असें होऊं नये.

चौथी, एक वही ठेवून कोणत्या रविवारीं काय गाइलें, तें टिपावें. वर्षाअखेर ती चाळली म्हणजे आपण त्याच त्या दहा गीतांभोंवतीं फिरलों कीं काय, हें कळेल.

मात्र याचें जूं कोणाच्या मानेवर ठेवूं नये. १९७० सालीं सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यांपैकीं कांहींत वर्षाचे हे काळ पाळण्याची जुनी रीत होती, कांहींत फारशी नव्हती. सणांवरून कोणी कोणास दोष लावूं नये, असें प्रेषित पौलही सांगतो (कलस्सै. २:१६). उपवासकाळांतही प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचाच दिवस आहे. आणि पुनरुत्थानाच्या आठवड्यांत कोणाच्या घरीं मरण आलें, तर तेथें सांत्वनाचेंच गीत गावें. काळ पाहावयाचा तो माणसांसाठीं.

ती बाई पुढच्या उत्तम शुक्रवारीं पुन्हा आली. पाठ झाल्यावर आम्हीं वधस्तंभाचें एक संथ गीत वाद्यावांचून म्हटलें. ती पदराआड रडली. रविवारीं पहाटे मात्र भूपाळी गात निघालेल्या लोकांत सर्वांच्या पुढें तीच होती.