वीस गुंठ्यांतील सेंद्रिय ऊस

हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांकरिता प्रसिद्ध असले, तरी भोवतालच्या शिवारातील मुख्य पीक ऊसच होय. येथील वीस गुंठ्यांच्या धन्याने सेंद्रिय ऊस करावयाचे मनात आणल्यास पहिली अडचण खताची येते.

सुरू उसास हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. म्हणजे वीस गुंठ्यांस ५० किलो. शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का धरल्यास १० टन खत लागते, व त्यातील काही अंशच पहिल्या वर्षी पिकास लागू पडतो. एका जनावरापासून वर्षाला तीन-चार टनांहून अधिक खत सहसा मिळत नाही. दावणीस एकच म्हैस असलेल्याने उरलेले आणावे कोठून? म्हणून लागणीपूर्वी ताग पेरून तो फुलोऱ्याच्या सुमारास गाडावा. खोडव्यात पाचट जाळू नये. ते सरीत पसरावे. मात्र पाचट कुजताना जिवाणू जमिनीतील नत्र ओढून घेतात. इतर शेतकरी त्यावर युरिया टाकतात. सेंद्रिय शेतीत तो वर्ज्य असल्याने शेणकाला व पाचट कुजविणारे जिवाणू वापरावे.

दुसरी अडचण बांधाची. शेजाऱ्याने फवारलेले तणनाशक वाऱ्याबरोबर येते, म्हणून कडेचा पट्टा सोडावा लागतो. वीस गुंठ्यांच्या चौरस शेतात चारी बाजूंनी ३ मीटर पट्टा धरला, तर जवळजवळ पाच गुंठे, म्हणजे चौथा हिस्सा, त्यात जातो. एक हेक्टरात हेच प्रमाण बारा टक्क्यांच्या आत राहते. लहान शेतकऱ्यावर हा भार अधिक पडतो, हे उघड आहे.

विक्रीचे म्हणावे तर कारखान्यात सेंद्रिय उसास वेगळा दर नसतो. तेथे वजन पाहिले जाते. चांदीचा कस लावून पाहता येतो, उसाचा नाही. गूळ करावा तर भेंडीच्या रसाने निवळलेला, रसायनाविना केलेला गूळ रंगाने काळसर उतरतो, आणि बाजारात पिवळ्या गुळास भाव मिळतो. सेंद्रिय प्रमाणपत्र दोन-तीन वर्षांच्या रूपांतरकाळानंतर मिळते. तोवर उत्पन्न घटले तरी भाव जुनाच.

पीजीएस पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट परस्परांची शेते तपासतो, त्यामुळे खर्च कमी येतो. गटातील शेते लागून असल्यास पट्टा केवळ बाहेरच्या बांधांवर सोडावा लागतो. मात्र मधल्या एकानेही तणनाशक फवारल्यास त्याच्या लगतच्या शेतांस पुन्हा पट्टा सोडणे भाग पडते. याकरिता गट करण्यापूर्वीच बांधकऱ्यांशी याविषयी स्पष्ट बोलून घ्यावे.