शपथेतला ‘सरळ’ हा शब्द

प्रश्न : माझा मुलगा आणि सून न्यू जर्सीत एडिसनला असतात. नऊ वर्षांचा नातू तिथल्या कब स्काउटमध्ये जातो. एप्रिलमध्ये मी तिकडे असताना त्यांच्या लाकडी गाड्यांच्या शर्यतीला गेले होते. एका मुलाचे दोन बाबा आले होते. त्यातले एक वजनकाट्याजवळ बसून सगळ्या मुलांच्या गाड्या तोलून देत होते, त्यांच्या अंगात स्काउटचा गणवेशही होता. घरी येताना सून म्हणाली, “आई, काही वर्षांपूर्वी हे चाललं नसतं. समलिंगी असल्याचं कळलं तर काढून टाकायचे.” हे खरं का? असं का करत होते, आणि मग बदललं कसं? आणखी एक भीत भीत विचारते, राग मानू नका : यात मुलांना काही धोका नाही ना? – एक आजी, पुणे

उत्तर : आजी, राग कसला? जे मनात असतं ते विचारलेलंच बरं. तुमच्या सुनेनं सांगितलं ते अगदी खरं आहे. अमेरिकेच्या बॉय स्काउट्समध्ये समलिंगी मुलांना उघडपणे सदस्य होता आलं ते १ जानेवारी २०१४ पासून, आणि समलिंगी मोठ्या माणसांना पथकाची जबाबदारी घेता आली ती २७ जुलै २०१५ नंतर. त्याआधी ते बाबा मुलाची शर्यत बघायला येऊ शकले असते, पण गणवेश घालून वजनकाट्याजवळ बसू शकले नसते.

या भांडणातला सगळ्यांत गाजलेला खटला तुमच्या मुलाच्या घरापासून फार लांब घडलेला नाही. एडिसनहून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर मटावन नावाचं गाव आहे. तिथल्या पथकातला जेम्स डेल आठव्या वर्षी, १९७८ मध्ये, कब स्काउट झाला. दहा वर्षांत तो ईगल स्काउट झाला, म्हणजे तिथला सर्वांत वरचा दर्जा. पुढे त्याच पथकात साहाय्यक स्काउटमास्तर म्हणून तो लहान मुलांना शिकवू लागला. कॉलेजात गेल्यावर त्याला उमगलं की आपण समलिंगी आहोत, आणि त्यानं ते लपवलं नाही. जुलै १९९० मध्ये एका परिसंवादात तो बोलला की समलिंगी किशोरवयीन मुलांना समोर बघायला कोणीतरी चांगलं मोठं माणूस हवं असतं. वर्तमानपत्रात त्याची मुलाखत फोटोसह छापून आली. त्याच महिन्यात स्थानिक स्काउट कार्यालयाचं पत्र घरी आलं : तुमचं सदस्यत्व रद्द. कारण विचारल्यावर दुसरं पत्र आलं, समलिंगी व्यक्तींना आम्ही घेत नाही.

त्याच्या वागणुकीबद्दल एकही तक्रार नव्हती. बारा वर्षं जो स्काउट म्हणून वावरला, ज्यानं धाकट्यांना शिकवलं, त्याला एका मुलाखतीवरून घालवलं. मी शाळेत स्काउट होतो. खाकी चड्डी, गळ्यात स्कार्फ, त्यात सरकवायचा वॉगल. एकदा तो वॉगल हरवला तेव्हा सरांनी संचलनातून बाजूला उभं केलं, आणि तो अर्धा तास मला अजून लख्ख आठवतो. रांगेतल्या मुलांचे बूट एका ठेक्यात वाजत होते आणि मी भिंतीशी होतो. नुसत्या वॉगलपायी एवढं लागलं. आपण जसे आहोत त्यापायी कायमचं भिंतीशी उभं केलं तर त्या मुलाला काय वाटत असेल, याचा विचार केल्यावर मला या विषयाकडे तटस्थपणे बघता येत नाही, आणि बघायची इच्छाही नाही.

‘का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दापाशी येतं. अमेरिकी स्काउट जी शपथ घेतो तिच्यात नीतीनं ‘स्ट्रेट’, म्हणजे सरळ, राहण्याचं वचन असतं, आणि नियमांमध्ये ‘स्वच्छ’ असा शब्द आहे. संस्थेचं म्हणणं, समलिंगी माणूस या दोन शब्दांत बसत नाही. आता हा ‘स्ट्रेट’ शब्द शपथेत आला १९११ मध्ये. त्या काळी त्याचा अर्थ आपल्या ‘सरळमार्गी’ या शब्दासारखा होता : खोटं न बोलणारा, दिल्या शब्दाला जागणारा, कोणाचं लुबाडून न खाणारा. स्त्री-पुरुष आकर्षणाचा जो अर्थ आज त्या शब्दाला आहे, तो पुढच्या पिढ्यांत चिकटला. संस्थेच्या स्वतःच्या हस्तपुस्तिकेत ‘स्ट्रेट’चा खुलासा होता तो प्रामाणिकपणा आणि चारित्र्य यांचा, आणि लैंगिक शंका मुलांनी आईवडिलांना किंवा धर्मगुरूंना विचाराव्यात असा सल्ला होता. समलिंगी नेते नकोत असं लिहिलेलं एक टिपण १९७८ मध्ये वरिष्ठांनी केलं होतं खरं, पण ते जाहीर केलं नव्हतं. डेल ज्या वर्षी आठ वर्षांचा पोर म्हणून भरती झाला त्याच वर्षीचं ते टिपण. त्याच्या आईवडिलांना ते कुठून ठाऊक असणार?

जाता जाता सांगतो, हा शब्द बेडन-पॉवेल यांच्या मूळ वचनात नाही. अमेरिकनांनी तो आपल्या शपथेत घातला. त्यामुळे आपल्या शाळांतल्या बालवीरांच्या वचनातही तो नाही.

डेल कोर्टात गेला. न्यू जर्सीच्या भेदभावविरोधी कायद्यात नुकताच लैंगिक कलाचा समावेश झाला होता. १९९९ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. मग प्रकरण वॉशिंग्टनला गेलं, आणि २८ जून २००० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी तो निकाल फिरवला. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांच्या निकालाचं सार असं की, ही खासगी संस्था आहे, तिला आपले विचार मांडण्याचं स्वातंत्र्य आहे, आणि त्या विचारांच्या आड येणारा माणूस तिच्यावर लादता येणार नाही. न्यायमूर्ती स्टीव्हन्स विरोधात होते. त्यांनी हेच शब्द आणि हीच हस्तपुस्तिका उलगडून दाखवली आणि विचारलं की यात समलिंगी माणसांविरुद्ध काही शिकवण आहे तरी कुठे? मला स्वतःला स्टीव्हन्स यांचं म्हणणं पटतं. पण कायद्यानं दार बंद झालं, ते झालंच.

म्हणून पुढचा बदल महत्त्वाचा वाटतो. तो न्यायालयातून आला नाही, पथकांतून आला.

एप्रिल २०१२ मध्ये ओहायो राज्यात जेनिफर टिरेल या आईला काढलं. तिचा सात वर्षांचा मुलगा कब स्काउट होता, आणि ती त्याच्या गटाची प्रमुख. मुलांना घेऊन सेवाकामं करणारी, पालकांची लाडकी. ती समलिंगी आहे हे त्या पालकांना आधीपासून माहीत होतं, आणि तिच्या बाजूनं पहिल्यांदा उभे राहिले ते हेच पालक. तिच्यासाठीच्या अर्जावर तीन लाखांच्या वर सह्या झाल्या. आयोवातला झॅक वॉल्स हा ईगल स्काउट, दोन आयांनी वाढवलेला, सह्यांचे खोके घेऊन संस्थेच्या राष्ट्रीय बैठकीत गेला. जुलैमध्ये संस्थेनं जाहीर केलं की दोन वर्षं विचार करून आम्ही बंदी कायम ठेवत आहोत.

मग पाकिटं यायला लागली. ईगल स्काउटचं पदक म्हणजे लाल-पांढऱ्या-निळ्या फितीला लटकलेला छोटा रुपेरी गरुड. त्यासाठी एकवीस कौशल्यपदकं मिळवावी लागतात आणि गावाच्या उपयोगाचं एक मोठं काम स्वतः उभं करावं लागतं. कोणी बाग केलेली असते, कोणी शाळेला बाकडी बनवून दिलेली असतात. कितीतरी मोठ्या झालेल्या ईगल स्काउटांनी कपाटातून ती पदकं काढली आणि पत्रासह मुख्यालयाला परत पाठवली. त्यातले अनेक जण स्वतः समलिंगी नव्हते. ज्या संस्थेनं मला सरळ वागायला शिकवलं तिचं हे वागणं मला सहन होत नाही, असा त्या पत्रांचा सूर होता. मोठ्या कंपन्यांनी देणग्या थांबवल्या हेही खरं, पण माझ्या मते संस्थेच्या जिव्हारी लागली ती ही पाकिटं.

२३ मे २०१३ रोजी टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइन इथे सुमारे चौदाशे प्रतिनिधींनी मतदान केलं, आणि ६१ टक्के मतांनी मुलांवरची बंदी उठली. फक्त मुलांवरची. मोठ्यांवरची तशीच राहिली. याचा अर्थ काय होतो बघा. मेरीलँडमधला पास्कल टेसिए हा मुलगा फेब्रुवारी २०१४ मध्ये ईगल स्काउट झाला. तो समलिंगी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि उघडपणे हा दर्जा मिळवणारा माहितीतला तो पहिला. त्याच उन्हाळ्यात त्याला अठरा वर्षं पूर्ण झाली आणि नियमानुसार तो अपात्र ठरला. काल पदक छातीवर लावलं, आज वाढदिवस झाला म्हणून बाहेर जा! असा नियम टिकणं शक्यच नव्हतं. एप्रिल २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या स्काउट शाखेनं त्याला उघडपणे उन्हाळी शिबिरात कामावर घेतलं. मुख्यालयाचा नियम शाखाच मोडत होती.

तेव्हा संस्थेचे अध्यक्ष होते रॉबर्ट गेट्स, अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री आणि स्वतः ईगल स्काउट. सैन्यातली समलिंगी सैनिकांवरची बंदी उठली ती त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात मंजूर झालेल्या कायद्यानं. मे २०१५ मध्ये त्यांनी आपल्या माणसांना स्पष्ट सांगितलं की ही बंदी आता टिकणारी नाही, आणि आपण बदललो नाही तर न्यायालयं आपल्याला बदलायला लावतील. दोन महिन्यांनी कार्यकारी मंडळानं ४५ विरुद्ध १२ मतांनी ती उठवली.

एक सूट मात्र ठेवली. तिथली पथकं कोणीतरी पुरस्कृत करावी लागतात, आणि त्या काळी सत्तर टक्क्यांच्या आसपास पथकं चर्चसारख्या धार्मिक संस्थांची होती. आपल्या पथकाचे नेते आपल्या धर्मश्रद्धेनुसार निवडायची मुभा त्यांना मिळाली. मला ही सूट खटकते, पण ती नसती तर २०१५ मध्ये मंडळात एवढी मतं पडली नसती, असंही वाटतं. तरीसुद्धा सर्वांत मोठा पुरस्कर्ता असलेलं मॉर्मन चर्च २०१९ च्या अखेरीस आपली चार लाखांहून अधिक मुलं घेऊन बाहेर पडलं. काही जण म्हणतात, बघा, बदल केला आणि संस्था आटली. पण १९७० च्या दशकात चाळीस लाखांवर असलेली मुलांची संख्या या मतदानाच्या कितीतरी आधीपासून घसरत होती.

आता तुमचा भीत भीत विचारलेला प्रश्न. त्याला नीट उत्तर द्यायला हवं, कारण शपथेतल्या शब्दाइतकाच या भीतीचाही आधार त्या बंदीला होता.

आजी, मुलांचा लैंगिक छळ करणारा माणूस आणि समलिंगी माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रौढ माणसाला प्रौढाबद्दल वाटणारी ओढ आणि मुलांवरचा अत्याचार यांचा एकमेकांशी संबंध नाही. छळ करणाऱ्यांत लग्न झालेले, मुलंबाळं असलेले, गावात मान असलेले पुरुष सर्रास सापडतात. स्काउट्सच्या मुख्यालयात १९२० च्या दशकापासून संशयितांच्या गुप्त फायली ठेवल्या जात होत्या. त्यातल्या बाराशेहून अधिक फायली ओरेगॉन राज्याच्या न्यायालयाच्या आदेशानं ऑक्टोबर २०१२ मध्ये लोकांसमोर आल्या. कितीतरी प्रकरणांत पोलिसांना कळवलंच नव्हतं, माणसाला गुपचूप राजीनामा देऊन जाऊ दिलं होतं. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थेनं दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा ८२ हजारांवर माणसांनी पुढे येऊन सांगितलं की लहानपणी माझ्यावर अत्याचार झाला. भरपाईचा निधी ठरला २४६ कोटी डॉलरचा.

तारखा शेजारी ठेवून बघा. एप्रिल २०१२ मध्ये सात वर्षांच्या मुलाच्या आईला घालवलं, ऑक्टोबर २०१२ मध्ये या फायली उघडल्या. समलिंगी माणसांवर बंदी असतानाही असे प्रकार घडत राहिले होते. बंदीनं मुलांचं रक्षण केलं नाही, उलट आपण दार राखतोय असा खोटा दिलासा आईबापांना दिला. आणि ज्या मुलावर अत्याचार झाला त्याचं तोंड आणखी बंद केलं, कारण बोललो तर लोक मलाच ‘तसला’ म्हणतील, या धास्तीत तो मुलगा जगत होता.

मुलांना खरोखर सांभाळतात ते नियम साधे आहेत, आणि ते सगळ्या मोठ्यांना सारखेच लागू आहेत. कुठल्याही कार्यक्रमाला नोंदणी झालेली किमान दोन प्रौढ माणसं हजर हवीत. कुठल्याही प्रौढानं एका मुलाबरोबर एकटं राहायचं नाही. गाडीतही नाही, तंबूतही नाही, फोनवरच्या निरोपांतही नाही. नोंदणी करणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पार्श्वभूमी तपासली जाते आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्याला काम करता येत नाही. वजनकाट्याजवळ बसलेल्या त्या बाबांनी हे सगळं केलेलं असणार, तसंच तुमच्या मुलानं नाव नोंदवलं तर त्यालाही करावं लागेल. मुलाला विचारून ठेवा की नातवाच्या पथकात हे नियम पाळले जातात ना, कारण नियम कागदावर असून चालत नाहीत. नातवालाही सांगून ठेवा की कोणीही मोठ्या माणसानं, मग तो कोणीही असो, ‘हे आपल्या दोघांतच’ असं म्हटलं तर घरी येऊन लगेच सांगायचं.

संस्थेचं नाव आता ‘स्काउटिंग अमेरिका’ झालं आहे, फेब्रुवारी २०२५ पासून. मुलीही त्यात आहेत. आणि पालकांना कुठल्याही बैठकीत, कुठल्याही शिबिरात, न सांगता जाऊन बसता येतं. पुढच्या खेपेला तुम्हीही मुलाबरोबर जाऊन बसा, आणि नातवाच्या गाडीचं वजन पाच औंसांच्या वर गेलं तर खालून थोडं लाकूड कसं कोरून काढायचं, ते त्या काट्याजवळच्या बाबांना विचारून घ्या.