भरल्या बाजारात रिकामे पोट

मुलांनो, श्रीमंत देश म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? उंच इमारती, चकचकीत मोटारी आणि वस्तूंनी भरलेली दुकाने. अशा देशात कोणी उपाशी झोपत असेल, असे तुम्हांला वाटते का? पण ते खरे आहे.

अमेरिका हा फार श्रीमंत देश आहे. तेथे गहू व मका अमाप पिकतो. तरीही २०२३ साली तेथील १०० कुटुंबांपैकी १३ ते १४ कुटुंबांना वर्षभर पुरेसे अन्न मिळण्याची खात्री नव्हती.

असे का होते? दुकानात अन्न असते. पण ते विकत घेण्याइतके पैसे घरात नसतात. भाडे थकले तर घर सोडावे लागते. थंडीत घर गरम ठेवावेच लागते. हे खर्च टळत नाहीत. मग ताटातले अन्न कमी होते. पुष्कळदा आईवडील अर्धपोटी राहून मुलांना जेवू घालतात.

१९६७ साली अमेरिकेतील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी एक गोदाम सुरू केले. दुकानांत न विकलेले, पण खाण्याजोगे अन्न ते तेथे जमा करीत आणि गरजूंना पोहोचवीत. ही जगातील पहिली अन्नपेढी मानली जाते. आज अनेक देशांत अशा अन्नपेढ्या आहेत.

इंग्लंडमध्ये गरीब मुलांना शाळेत मोफत जेवण मिळते. २०२० साली, करोनाच्या साथीत, उन्हाळी सुटीसाठी ही मदत देण्यास सरकार तयार नव्हते. तेव्हा मार्कस रॅशफर्ड या २२ वर्षांच्या फुटबॉलपटूने खासदारांना खुले पत्र लिहिले. लहानपणी आपणही हेच मोफत जेवण जेवत होतो, हे त्याने लपवले नाही. पत्र प्रसिद्ध झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सरकारने निर्णय बदलला. सुमारे १३ लाख मुलांच्या जेवणाची सोय झाली.

मुलांनो, गरिबी हा कोणाचा गुन्हा नाही. भुकेल्या माणसाला भुकेइतकीच लाजही छळते. तुमच्या वर्गातला एखादा मित्र डबा आणत नसेल, तर चारचौघांत त्याला कारण विचारू नका. आपला डबा उघडा आणि त्याला शेजारी बसवा.

शब्दार्थ
अमाप – मोजता येणार नाही इतके
अर्धपोटी – पोटभर न जेवता
गरजू – ज्याला गरज आहे असा

स्वाध्याय
१. दुकाने भरलेली असूनही काही लोक उपाशी का राहतात?
२. अन्नपेढीत कोणते अन्न जमा करीत असत?
३. रॅशफर्डने पत्रात कोणती गोष्ट लपवली नाही? त्याचा काय उपयोग झाला असेल?